निकालानंतर हाती आलेला पुरावा

भारतीय कायद्यात ‘नवा पुरावा सापडला आहे, खटला पुन्हा चालवा’ असा एकच सरळ अर्ज नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत तो आहे. तिथल्या फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम ३३ प्रमाणे दोषी ठरल्यापासून तीन वर्षांच्या आत या कारणासाठी नव्या खटल्याची मागणी करता येते. आपल्याकडे हीच मागणी वेगवेगळ्या नावांनी करावी लागते. दिवाणी दाव्यात ती पुनर्विलोकन अर्जाच्या रूपाने येते, म्हणजे वकिलांच्या रोजच्या भाषेत रिव्ह्यू. अपील चालू असेल तर जादा पुरावा दाखल करण्याची परवानगी मागतात. खालचा खटलाच सदोष झाला असे वरच्या न्यायालयाला पटले तर ते फेरसुनावणीचा हुकूम देते. हे सगळे संपले की राज्यपालांकडे किंवा राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज उरतो. नुसती मोजदाद केली तर मार्ग पुष्कळ दिसतात. पण कोणता मार्ग कोणाला, केव्हा आणि कितपत मोकळा आहे हे तपासू लागले की एक गंभीर विसंगती आढळते. जमिनीच्या वादात नव्या पुराव्यासाठी कायद्याने स्पष्ट शब्दांत जागा ठेवली आहे. माणसाच्या कैदेचा किंवा फाशीचा प्रश्न असताना मात्र, शेवटचे अपील संपल्यावर, तशी जागा ठेवलेली नाही.

आधी दिवाणी बाजू पाहू, कारण या विषयातल्या बहुतेक कसोट्या तिथेच घडल्या आणि मग इतरत्र नेल्या गेल्या.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधले कलम ११४ पुनर्विलोकनाचा अधिकार देते आणि आदेश ४७ चा नियम १ त्याची कारणे सांगतो. निकालात वरवर पाहताच दिसणारी चूक हे एक कारण. ‘अन्य पुरेसे कारण’ हे दुसरे. प्रिव्ही कौन्सिलने १९२२ मध्येच छज्जू राम विरुद्ध नेकी या प्रकरणात त्याचा अर्थ आवळून टाकला आणि ते इतर कारणांच्या जातीचेच असले पाहिजे असे ठरवले. आपल्या विषयाचे कारण तिसरे. अशी नवी आणि महत्त्वाची बाब किंवा पुरावा, जो वाजवी दक्षता घेऊनही हुकूमनाम्याच्या वेळी पक्षकाराला ठाऊक नव्हता किंवा त्याला हजर करता आला नाही. नियम ४ त्यावर आणखी एक अट घालतो: या कारणासाठी अर्ज मंजूर करायचा तर पुरावा ठाऊक नव्हता हे अर्जदाराने काटेकोरपणे सिद्ध केले पाहिजे. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज. अर्ज शक्यतो त्याच न्यायाधीशापुढे जातो आणि तो फेटाळला तर त्या फेटाळण्याविरुद्ध अपील नाही.

कायद्याचे हे शब्द प्रत्यक्षात कसे चालतात हे पाहायला एक कल्पित पण कोणत्याही तालुका न्यायालयात शोभेल असा दावा घेऊ. दोन चुलतभावांत वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा वाद आहे. वादी म्हणतो जमीन अजून एकत्र आहे, वाटप करून हिस्सा द्या. प्रतिवादीची कैफियत अशी की आजोबांच्या काळीच वाटणी झाली आणि तेव्हापासून वहिवाट वेगळी आहे. कागद कोणाकडेच नाही. सातबारा आणि फेरफार वादीच्या बाजूने बोलतात, न्यायालय वाटपाचा हुकूमनामा करते. चार महिन्यांनी प्रतिवादीच्या आत्याच्या घरी जुन्या दप्तरात एक मोडी कागद निघतो. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेतल्यावर कळते की ते १९३८ सालचे वाटणीपत्र आहे, खाली आजोबांची आणि त्यांच्या भावाची सही.

प्रतिवादीला वाटते, आता काम झाले. वकिलाला मात्र लगेच चार-पाच प्रश्न दिसतात आणि त्यातला एकही फालतू नाही. हा दस्त नोंदणीकृत आहे का? असेल तर सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत सूची दोनचा शोध घेतला असता तर तो दाव्याच्या वेळीच मिळाला असता. मग दक्षता कुठे घेतली? नोंदणीकृत नसेल तर अडचण उलटी. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची वाटणी त्या कागदानेच झाली असेल तर तो नोंदवायलाच हवा होता, नाहीतर वाटणीचा पुरावा म्हणून वाचता येत नाही. आधी तोंडी झालेल्या वाटणीची नुसती टाचणवजा आठवण त्यात असेल, तर मात्र नोंदणी लागत नाही. पुढचा प्रश्न कैफियतीचा. प्रतिवादीने तिच्यात ‘वाटणी तोंडी झाली’ असे लिहून दिले असेल, तर आता लेखी वाटणीपत्र पुढे करताना तो स्वतःच्याच कैफियतीला छेद देतो. नंतर ताब्याचा प्रश्न. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. पूर्वीच्या साक्ष्य कायद्याचे कलम ९०, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ९२. लग्न होऊन गेलेल्या आत्याचे घर हा या कागदाचा योग्य ताबा आहे का? आणि शेवटी आत्या दाव्यात साक्षीदार म्हणून का आली नाही, तिला कोणी काही विचारलेच नव्हते का?

हे सगळे इतके बारकाईने विचारण्यामागे सबळ कारण आहे. दाव्यात हरल्यावर आपली उणीव नेमकी कुठे होती हे निकालपत्रातच लिहिलेले असते, आणि ती उणीव भरून काढणारा कागद तयार करण्याचा मोह खरा असतो. जुना कागद, जुनी शाई आणि मोडी लिहिणारा हात हे तिन्ही मिळवणे अशक्य नाही. शिवाय समोरच्या पक्षकाराच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्याने वर्षानुवर्षे तारखा केल्या, साक्षीदार आणले, उलटतपासणी सोसली, आणि निकाल मिळवला. त्याचे साक्षीदार आता कदाचित हयातही नसतील. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध कमल सेनगुप्ता या प्रकरणात सांगितले की नुसता नवा पुरावा सापडणे पुरेसे नाही. तो पूर्वी ठाऊक नव्हता आणि दक्षता घेऊनही मिळाला नसता हे दाखवावे लागते, आणि तो आधी समोर असता तर निकाल बदलू शकला असता इतके त्याचे वजनही असावे लागते. इंग्लंडमध्ये लॅड विरुद्ध मार्शल या १९५४ च्या प्रकरणात न्यायमूर्ती डेनिंग यांनी अपिलातल्या नव्या पुराव्यासाठी जवळपास हीच मांडणी केली होती: आधी मिळण्यासारखा नसावा, निकालावर महत्त्वाचा परिणाम करणारा असावा, आणि दिसायला तरी विश्वासार्ह असावा.

अपील चालू असेल तर आदेश ४१ नियम २७ आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात दक्षतेची हीच कसोटी घातली गेली. फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा तर सर्वस्वी वेगळा. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेंगलवराय नायडू प्रकरणात तो मुळातच निरर्थक ठरवला, आणि अशा हुकूमनाम्याला कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर आव्हान देता येते. समोरच्याने महत्त्वाचा कागद मुद्दाम दडवला असेल तर ‘तुम्ही दक्ष का नव्हता’ हा प्रश्न त्याच्या तोंडी शोभत नाही, हे तत्त्व दिवाणी कायद्याने मान्य केले आहे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

एकंदरीत दिवाणी व्यवस्था कडक असली तरी समजण्यासारखी आहे. दोन्ही बाजू साधारण तुल्यबळ धरल्या आहेत, दोघांनाही वकील लावण्याची, कचेऱ्यांत फिरण्याची, नकला काढण्याची मोकळीक आहे, आणि जे हरायचे आहे ते मालमत्तेचे आहे. दक्षतेची कसोटी या तीन गृहीतांवर उभी आहे.

फौजदारी बाजूला अपील चालू असेपर्यंत कायदा उदार आहे, कदाचित दिवाणीहूनही उदार. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९१, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३२, अपील न्यायालयाला जादा पुरावा घेण्याचा अधिकार देते आणि त्यात दक्षतेचा शब्दही नाही. न्यायालयाला तो पुरावा आवश्यक वाटला आणि तशी कारणे नोंदवली की पुरे. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणाने या अधिकाराची सीमा आखून दिली. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) मध्ये दारूबंदी कायद्याखालच्या खटल्यात आरोपीच्या रक्ताच्या नमुन्याबद्दलचा सरकार पक्षाचा पुरावा अपुरा राहिला होता, आणि सत्र न्यायालयाने शिक्षा रद्द करून संपूर्ण खटला नव्याने चालवण्याचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. फेरसुनावणी म्हणजे आधीची सगळी कार्यवाही पुसून टाकणे. सरकार पक्षाला आपली राहिलेली फट बुजवून घेण्यासाठी ती देता येत नाही. एखाद्या मुद्द्यावर पुरावा कमी पडत असेल तर तेवढाच जादा पुरावा घेऊन अपील निकालात काढावे. तत्त्व साधे दिसते, पण पुष्कळ उपयोगाचे आहे. नवा पुरावा आला की जुना खटला आपोआप बाद होत नाही. त्या पुराव्याचा जितका पसारा, तितकीच चौकशी पुन्हा.

खटलाच नासला असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडात साक्षीदार फितूर झाले, २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले, आणि गुजरात उच्च न्यायालयाने जादा पुरावा घेण्यास नकार देऊन ती सुटका कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये तो निकाल रद्द केला आणि फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा हुकूम दिला. तो मुंबईत चालला. २००६ मध्ये नऊ जण दोषी ठरले, त्यांपैकी चौघांची शिक्षा २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली आणि पाच जणांना सोडले. मुख्य साक्षीदार महिलेलाच वारंवार साक्ष फिरवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची कैद दिली, ही बाबही लक्षात ठेवण्यासारखी आहे. निकालानंतर साक्षीदार शपथपत्र करून देतो की ‘मी खोटे बोललो होतो’, तेव्हा न्यायालये त्याच्याकडे सावधपणे पाहतात. ती सावधगिरी अनुभवातून आलेली आहे आणि ती योग्यच आहे.

अपिले संपली की चित्र पालटते. जुने कलम ३६२, नवे कलम ४०३, सांगते की निकालावर सही झाल्यावर लेखनातली किंवा आकडेमोडीतली चूक सोडून न्यायालयाला त्यात काहीही बदल करता येत नाही. याला दिवाणीतल्या आदेश ४७ सारखा अपवाद नाही. उच्च न्यायालयालाही आपल्या फौजदारी निकालाचे पुनर्विलोकन करता येत नाही, आणि अंगभूत अधिकारांच्या आडून ते करण्याचे प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी हाणून पाडले आहेत. म्हणजे जन्मठेपेचे अपील उच्च न्यायालयात फेटाळले गेले, सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती नाकारली, आणि त्यानंतर खरा गुन्हेगार दुसराच असल्याचा कागद हाती आला, तर तो कागद घेऊन जायचे कुठे, याला संहितेत उत्तर नाही.

सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ खाली स्वतःच्या निकालाचे पुनर्विलोकन करता येते. पण त्याच्या २०१३ च्या नियमावलीचा आदेश ४७ वाचावा. दिवाणी प्रकरणात पुनर्विलोकन संहितेतल्या सर्व कारणांसाठी, म्हणजे नव्या पुराव्यासाठीसुद्धा. फौजदारी प्रकरणात फक्त अभिलेखावर उघड दिसणाऱ्या चुकीसाठी. शब्दशः वाचले तर बांधाच्या वादात नवा कागद चालतो आणि गळफासाच्या वादात चालत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना ही विसंगती १९८० मध्येच खटकली. पी. एन. ईश्वर अय्यर प्रकरणात त्यांनी ‘अभिलेख’ या शब्दाचा अर्थ इतका व्यापक केला की न्यायासाठी आवश्यक असलेली सामग्री न्यायालयाच्या परवानगीने नंतर आली तरी ती अभिलेखाचाच भाग होते. हे अर्थबोधन मोलाचे आहे, पण ते न्यायालयाच्या मर्जीवर चालते. नियमाचे शब्द पुढेही तसेच राहिले, २०१३ ची नवी नियमावली करतानाही कोणी ते बदलले नाहीत. आणि हा उपाय सर्वोच्च न्यायालयापुरताच. तिथवर पोहोचण्याची ऐपत ज्याला नाही त्याला त्याचा काही उपयोग नाही. रूपा हुर्रा प्रकरणाने २००२ मध्ये दिलेली उपचारात्मक याचिका नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा न्यायाधीशाचा पक्षपात यांसारख्या दोषांसाठी आहे, नव्या पुराव्यासाठी नाही.

उरते ती दया. केहर सिंग प्रकरणात १९८८ मध्ये घटनापीठाने सांगितले की अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपती खटल्यातला पुरावा स्वतः तपासून न्यायालयाहून वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. अमेरिकेत १९९३ च्या हेरेरा विरुद्ध कॉलिन्स प्रकरणात बहुमताने तोच सूर लावला: निर्दोषत्वाच्या उशिरा आलेल्या दाव्यासाठी क्षमेचा अधिकार आहे. टेक्सासमध्ये तेव्हा नव्या खटल्याच्या अर्जाची मुदत ३० दिवस होती. अर्जदाराचा पुरावा काही वर्षांनी आला, आणि १९९३ मध्येच त्याला मृत्युदंड देण्यात आला. दयेचा अर्ज ही नव्या पुराव्याची जागा नव्हे, असे मला ठामपणे वाटते. तिथे उघड सुनावणी नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाही, कारणे देण्याचे बंधन नाही. आणि शिक्षा कमी झाली किंवा माफ झाली तरी न्यायालयाचा दोषी ठरवणारा निकाल तसाच राहतो.

आता दक्षतेच्या कसोटीकडे परत यायला हवे. ती तुरुंगातल्या माणसाला लावली तर काय होते हे पुण्याच्या एका खटल्याने दाखवून दिले आहे.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. एका आरोपीला सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, पुनर्विलोकनही फेटाळले गेले. खटल्याच्या कागदांत त्याचे वय विशीच्या पुढचे लिहिलेले होते. अठरा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की गुन्ह्याच्या वेळी मी अल्पवयीन होतो. आधार राजस्थानच्या बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या नोंदीचा. न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. शाळेच्या नोंदीतले नाव आणि खटल्यातले नाव एक नव्हते. त्यामुळे वयाच्याही आधी, शाळेत दाखल झालेला मुलगा आणि फाशीचा हा कैदी एकच आहेत का, हे ठरवावे लागले. चौकशीत ते एकच निघाले. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय साडेबारा वर्षे. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अहवाल स्वीकारला आणि त्याला ताबडतोब सोडण्याचा हुकूम दिला. बालकाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला होता.

याला लॅड विरुद्ध मार्शल किंवा आदेश ४७ ची कसोटी लावून पाहावी. पहिल्याच पायरीवर अर्ज संपतो. स्वतःचे वय ही बाब आरोपीला ठाऊक नव्हती असे म्हणता येईल का? शाळेची नोंद गावच्या शाळेतच पडून होती. दक्षता घेतली असती तर १९९५ मध्येच ती मिळाली असती. तर्क निर्दोष आहे, आणि त्याचा निष्कर्ष असा की साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी देणे कायदेशीर ठरते. परप्रांतातून आलेला, तुरुंगात बसलेला पोरगा महाराष्ट्रातल्या खटल्यात बिकानेरच्या शाळेतून दाखला आणवण्याइतका दक्ष कसा असणार होता, हा प्रश्न ही कसोटी विचारतच नाही, कारण ती अशा माणसासाठी घडलेलीच नव्हती.

तो वाचला याचे कारण संसदेने या एका विषयापुरता दक्षतेचा प्रश्न पुसून टाकला आहे. बाल न्याय कायद्यात २००६ मध्ये कलम ७-अ घातले गेले आणि २०१५ च्या कायद्याच्या कलम ९(२) मध्ये ते कायम राहिले: अल्पवयाचा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अखेरचे निकाली निघाल्यानंतरही करता येतो. पुरावा कोणता आणि कोणत्या क्रमाने पाहायचा हेही कलम ९४ ने ठरवून दिले. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. खोटे दाखले येतात, आणि न्यायालये ते पकडतात. ज्या दाव्यांत तथ्य नसते ते फेटाळले जातात. जुने खटले उघडू दिले तर न्यायव्यवस्था कोलमडेल अशी भीती घालणाऱ्यांनी या तरतुदीच्या अनुभवाकडे पाहावे. ती लागू होऊन दोन दशके होत आली.

दुसरा खटला नाशिकचा, आणि त्यातून उमजते की ‘नवा’ हा शब्दही सरळ नाही. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी फाशी योग्य ठरवली. ज्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली होती त्यांचीही वाढवून. पुनर्विलोकन फेटाळले गेले. मग २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फाशीच्या प्रकरणांतले पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात, तोंडी युक्तिवाद ऐकून व्हावे, आणि त्यामुळे हे प्रकरण पुन्हा उघडले. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्याला सांगितले. कारणांतले एक महत्त्वाचे कारण असे: हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून वेगळेच चार जण ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता.

हा पुरावा सापडला नव्हता, तो होताच. सरकार पक्षाच्या ताब्यातला कागद बचावापर्यंत पोहोचला नाही किंवा कोणी नीट वाचला नाही. फसवणुकीने मिळवलेल्या हुकूमनाम्याबद्दल वर जे तत्त्व आले ते इथे जास्तच जोराने लागू व्हायला हवे. जो कागद राज्याच्या कपाटात होता, तो आरोपीला दक्षता घेऊन मिळाला असता का, हा प्रश्न विचारणेच अन्यायाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांसाठीच्या मसुदा नियमांना मान्यता देताना सांगितले की सरकार पक्ष ज्यांवर विसंबत नाही अशा जबाबांची, कागदांची आणि वस्तूंचीही यादी आरोपीला द्यावी. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात ते पुन्हा बजावले. यादी खरोखर दिली गेली तर निकालानंतर ‘सापडणारा’ पुष्कळसा पुरावा निकालाआधीच सापडेल.

तिसरा प्रकार विज्ञानाचा. वस्तू तीच असते, तिला बोलते करणारी चाचणी नंतर येते. जपानमध्ये इवाओ हाकामादा या माजी मुष्टियोद्ध्याला १९६६ च्या चार खुनांसाठी १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. मुख्य पुरावा रक्ताचे डाग असलेल्या पाच कपड्यांचा, जे घटनेनंतर वर्षाहून अधिक काळाने मिसोच्या टाकीत मिळाले होते. बचाव पक्षाने प्रयोग करून दाखवले की मिसोत वर्षभर मुरलेल्या रक्ताचा लालसरपणा टिकत नाही, ते काळपट पडते. कपड्यांवरचे डाग तर लालसर होते. मार्च २०१४ मध्ये फेरखटल्याचा हुकूम झाला आणि त्याची सुटका झाली. पण सरकारी वकिलांनी त्या हुकुमाविरुद्धच दाद मागितली, ती भांडणे २०२३ पर्यंत चालली, आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी तो निर्दोष ठरला तेव्हा ८८ वर्षांचा होता. कपडे जपून ठेवले नसते, किंवा त्यांची छायाचित्रे उशिरा का होईना बचावाला मिळाली नसती, तर यातले काही घडलेच नसते.

आपल्याकडे ते कपडे जपले गेले असते का? कोणत्याही सत्र खटल्याच्या निकालपत्राचे शेवटचे पान उघडावे. शिक्षेच्या परिच्छेदाखाली, बहुधा सगळ्यात शेवटी, ठरलेले वाक्य असते: जप्त मुद्देमाल कमी किमतीचा असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करावा. रक्ताळलेला शर्ट, काठी, मातीचा नमुना, केसांची पुडी, सगळे या वाक्याखाली येते. बाजारात त्याची किंमत नाही हे खरे. पण दोषी ठरलेल्या माणसाच्या लेखी, पुढे येणाऱ्या कोणत्याही चाचणीसाठी, त्या पुडीशिवाय दुसरे काही उरणार नसते. पुरावा सापडण्याची शक्यता त्या एका वाक्याने संपते.

म्हणून सुधारणेचा विचार दोन टोकांकडून करावा लागतो. एका टोकाला संहितेत स्वतंत्र तरतूद. दोषी ठरलेल्या व्यक्तीला, आणि ती हयात नसेल तर तिच्या वारसाला, अंतिम निकालानंतरही नव्या पुराव्याच्या आधारे उच्च न्यायालयात अर्ज करता यावा, मुदत नसावी. दक्षतेची कसोटी अर्ज अडवण्यासाठी वापरू नये. पुरावा उशिरा का आला याचे स्पष्टीकरण त्याची विश्वासार्हता तोलताना अवश्य पाहावे. प्राथमिक कसोटी इतकीच असावी की हा पुरावा आधी समोर असता तर दोषसिद्धीबद्दल वाजवी शंका निर्माण झाली असती का. उत्तर होकारार्थी असेल तर उखा कोल्हेच्या तत्त्वाने तेवढ्या मुद्द्यापुरता पुरावा सत्र न्यायालयाने नोंदवावा. सुटलेल्या माणसाविरुद्ध मात्र ही तरतूद नको. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत, ‘नवा आणि सबळ’ पुरावा असल्यास, सुटलेल्यावर पुन्हा खटला चालवण्याची मुभा दिली; आपल्या संहितेतल्या दुबार खटल्यावरच्या बंदीचा रोख त्याविरुद्ध आहे, आणि तो तसाच राहावा. राज्याकडे तपासाची सगळी साधने असतात; त्याला दुसरी संधी आणि आरोपीला दुसरी संधी यांची बरोबरी होत नाही. इंग्लंडकडून घ्यायचेच तर १९९७ मध्ये काम सुरू केलेला फौजदारी प्रकरणे पुनर्विलोकन आयोग घ्यावा. त्याच्या कामात उणिवा राहिल्या आहेत, पण मूळ कल्पना बरोबर आहे: तुरुंगातल्या माणसाने पुरावा गोळा करून आणावा अशी अपेक्षा न धरता एक स्वतंत्र संस्था तो स्वतः शोधते, पोलिसांकडून कागद मागवते, आणि मग प्रकरण न्यायालयाकडे पाठवते. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईची चौकट सुचवली. पण शिक्षा चुकीची होती हे अंतिम निकालानंतर ठरवणारा मार्गच नसेल, तर त्या माणसांपर्यंत भरपाई पोहोचणार कशी?

दुसरे टोक मुद्देमालाचे, आणि तिथे संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या फौजदारी न्यायालयांवर मुंबई उच्च न्यायालयाची देखरेख आहे आणि खालच्या न्यायालयांच्या कामकाजासाठी त्याचे क्रिमिनल मॅन्युअल आहे. जन्मठेप किंवा फाशी झालेल्या प्रत्येक प्रकरणात रक्त, केस, कपडे, हत्यारे यांसारखा जैविक चाचणीयोग्य मुद्देमाल कैदी शिक्षा भोगून बाहेर पडेपर्यंत नष्ट करू नये, आणि नष्ट करायचाच असेल तर आधी कैद्याला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला नोटीस द्यावी, एवढा निर्देश प्रशासकीय अधिकारात काढता येण्यासारखा आहे. खर्च लागेल तो शीतपेट्यांचा, कपाटांचा आणि नोंदवहीचा. सत्र न्यायाधीशांनी तर त्याचीही वाट पाहायला नको. निकालपत्राच्या शेवटच्या पानावरचे ते वाक्य लिहिताना ‘अपिलाची मुदत संपल्यानंतर’ या शब्दांऐवजी ‘शिक्षेचा कालावधी संपल्यानंतर’ असे लिहिणे आजही त्यांच्या हाती आहे.